मिठाच्या समुद्रावर तीन रात्री



आमच्या लग्नाला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुलांनी आपापसात पैसे जमवले आणि आम्हां उभयतांना एन बोकेकच्या एका मोठ्या हॉटेलात तीन रात्री राहण्याची भेट दिली. नोव्हेंबर महिना, बुधवार ते शनिवार. परत आल्यापासून सिनेगॉगमध्ये, कुपात होलीममध्ये, भाजीच्या बाजारात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, मजा आली ना?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. मजा आली, मनस्तापही झाला, आणि एका सकाळी तर पोटात गोळा आला. म्हणून सगळे एकदाच लिहून काढत आहोत. आपल्या वयाच्या मंडळींना जाण्याआधी उपयोगी पडेल, आणि मुलांनाही चार गोष्टी कळतील.

आमची ओळख थोडक्यात अशी. आम्ही १९७० साली इस्राएलला आलो. आमच्यापैकी एकीने नर्स म्हणून इस्पितळात नोकरी केली, आणि एकाने सदोमच्या कारखान्यात फिटर म्हणून. तेव्हा मिठाचा समुद्र आम्हाला नवा नाही. ह्यांनी तीस वर्षे रोज पहाटेच्या बसने त्याच्या काठावर जाऊन घाम गाळला. पण त्याच्या काठावर पाहुणे म्हणून, पांढऱ्या टॉवेलवर पाय पसरून, कधी बसलो नव्हतो.

बेअर शेवाहून बस आरादमार्गे जाते. आराद समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि एन बोकेक जवळजवळ ४०० मीटर खाली. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरच्या वाटेत गाडी हजार मीटर उतरते. माथेरान उतरलात तरी एवढा उतार नाही. मुलांनो, वाटेत समुद्रसपाटीची पाटी लागते, ती जरूर पाहा. पाटीपाशी पोचलात की समजा, आता तुम्ही मुंबईच्या चौपाटीच्या पातळीवर आहात. पण समुद्र अजून खूप खालीच दिसतो! कान दडे बसल्यासारखे होतात. आवंढा गिळला की मोकळे होतात.

हॉटेल बाहेरून पाहिले तर राजवाडा. आत मात्र पहिलाच अनुभव काही बरा नव्हता. खोली दुपारी तीनला मिळणार होती. साडेचार वाजले तरी आम्ही बॅगांवर हात ठेवून बसलेले. आजूबाजूला शे-दोनशे माणसे, मुलांची रडारड, आणि काउंटरवर फक्त दोन मुली. शेवटी सातव्या मजल्यावरची खोली मिळाली. पडदा सारला तर समोर गाड्यांचा तळ आणि त्यामागे उभा डोंगर. मुलांनी पैसे भरले होते समुद्राकडच्या खोलीचे. खाली फोन केला. "हॉटेल भरलंय, आज काही होणार नाही," असे उत्तर मिळाले.

डोंगर तर डोंगर. डोंगरही पाहण्यासारखा आहे, संध्याकाळी तांबडा होतो. खरी अडचण होती न्हाणीघरात. टब इतका उंच की पाय गुडघ्याच्या वर उचलल्याशिवाय आत जाता येईना, आणि धरायला दांडी नाही. ह्यांच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, दुसरा वाट पाहतोय. आम्ही इस्पितळात पडून मोडलेली खुब्याची हाडे किती पाहिली, त्याची गणती नाही. त्यातली बरीचशी न्हाणीघरातच मोडलेली असत. त्या रात्री ह्यांनी आंघोळ केलीच नाही. "अलिबागला विहिरीवर करायचो, ते काय वाईट होतं?" म्हणून झोपले.

झोपले म्हणजे आडवे झाले. खाली पोहण्याच्या तलावापाशी रात्री अकरापर्यंत ढोल-ताशा वाजवावा तसे संगीत चालू होते.

आता चांगल्या बाजूकडे येऊ. सकाळी मोआबच्या डोंगरामागून, म्हणजे जॉर्डन देशातून, सूर्य वर आला आणि सगळे पाणी पितळेच्या ताटासारखे झाले. नाश्त्याचे काय वर्णन करावे! बारा तऱ्हेचे चीज, ऑलिव्ह, सॅलड, अंडी, मासे, गरम पाव. फक्त चहा म्हणाल तर कोमट पाण्यात पुडी. आम्ही पिशवीतून आमची चहापत्ती आणि वेलदोडे नेले होते. खोलीतल्या किटलीवर आपला चहा झाला आणि मग जिवात जीव आला.

नाश्ता झाल्यावर समुद्रावर गेलो. आम्ही अलिबागच्या पाण्यातली माणसे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाऊन भरतीच्या आत परत येणारी. तिथल्या समुद्राला गाज आहे, वास आहे, मासळी आहे, दर्याचा राग-लोभ आहे. इथे त्यातले काही नाही. भरती-ओहोटी नाही, शंख-शिंपले नाहीत, पक्षी नाहीत. पाणी तेलासारखे जड आणि गप्प. तळाला वाळूऐवजी मिठाचे पांढरे गोटे. त्यांच्या कडा पायाला कापतात, म्हणून रबरी चपला हव्यातच.

पण त्या पाण्यात कठड्याला धरून हे छातीपर्यंत उतरले आणि थांबले. आम्ही विचारले, "काय झालं? दुखतंय का?" म्हणाले, "नाही गं. तेच तर. दुखतच नाही." शरीराचा भार पाण्याने उचलला होता. गुडघ्यांवर काही ओझेच नव्हते. कित्येक वर्षांनी ते वेदनेवाचून उभे होते. मग पाठीवर रेलले आणि आरामखुर्चीत बसावे तसे तरंगू लागले. हसत होते. त्या हसण्यासाठी आदल्या रात्रीचा ढोल-ताशा माफ केला.

मुलांनो, माणूस इथे तरंगतो कसा? घरी करून पाहा. ग्लासभर पाण्यात कच्चे अंडे सोडा, ते बुडेल. आता त्यात मीठ विरघळवत जा. एक वेळ अशी येते की अंडे वर येते. नेहमीच्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर मिठाच्या समुद्राच्या एक लिटरमध्ये सुमारे ३४० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दहापट. गोड्या पाण्याचे एक लिटर एक किलो भरते, तर इथले सुमारे १.२४ किलो. माणसाचे शरीर त्यापेक्षा हलके, म्हणून बुडत नाही. आणि हे मीठ आपल्या स्वयंपाकघरातले नव्हे. त्यात सगळ्यांत जास्त आहे मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणून पाणी नुसते खारट नाही, कडूजहर लागते.

"बुडत नाही" हे वाक्य लोक ऐकतात आणि निर्धास्त होतात. इथेच धोका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच हॉटेलात उतरलेले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, आमच्यापासून दहा-बारा हातांवर तरंगत होते. त्यांनी वळून बायकोकडे पाहायचा प्रयत्न केला आणि ते पालथे झाले. तोंड पाण्यात, पाय वर. जड पाणी पायांना वर ढकलते, पाय खाली टेकतच नाहीत. तरुण माणूस झटका देऊन उलटतो, म्हातारा उलटू शकत नाही. शिवाय तो आरडाओरडाही करू शकत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटते, आजोबा मजेत पोहताहेत.

आम्ही "मत्सील! मत्सील!" म्हणून ओरडत पुढे झालो. खांद्याला आणि कमरेला धरून त्यांना उताणे केले, हनुवटी वर धरली. तोवर जीवरक्षक पोचला. दोघांनी मिळून काठावर आणले. खोकत होते, डोळे लाल, पण शुद्धीवर होते. पाच मिनिटांनी म्हणू लागले, "मी बरा आहे. खोलीवर जाऊन पडतो."

नर्सला हे वाक्य चांगले माहीत असते. साधे पाणी नाकातोंडात गेले तर धोका मुख्यतः फुप्फुसांना. हे पाणी पोटात गेले तर आणखी एक धोका आहे. त्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम रक्तात चढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वरून माणूस ठीक दिसतो आणि काही वेळाने कोसळतो. म्हणून "पडतो थोडा वेळ" हे इथे चालत नाही. आजोबा रागावले, त्यांची बायको गोंधळली, आम्ही मात्र हललो नाही. जीवरक्षकाने १०१ फिरवला, ॲम्ब्युलन्स आली, त्यांना बेअर शेवाच्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा हॉटेलात फोन आला. रक्तात मॅग्नेशियम खरोखरच वाढलेले निघाले होते. सलाइन चालू होते, हृदयावर मशीन लावून नजर ठेवली होती. जीव वाचला. हा निरोप सांगताना काउंटरवरच्या मुलीचेच डोळे भरून आले.

तीच मुलगी, जिच्याशी आम्ही पहिल्या दिवशी खोलीवरून बोललो होतो. खोलीचे काय झाले तेही सांगतो. गुरुवारी सकाळी मुलांनी पाठवलेला छापील कागद घेऊन आम्ही काउंटरवर गेलो. आवाज चढवला नाही. कागदावरच्या "समुद्राकडची खोली" या ओळीवर बोट ठेवले आणि म्हटले, "ही नसेल तर एकवेळ चालेल. पण धरायला दांडी असलेलं न्हाणीघर मात्र हवंच." आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. दुपारी दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. समोर समुद्र, टब नाही, बसून आंघोळ करायला पाट आणि भिंतीला दोन दांड्या. म्हणजे अशी खोली हॉटेलात होती, मागितल्याशिवाय देत नव्हते एवढेच.

खोलीतले कार्पेट झिजलेले होते, कपाटाच्या दारावर लहान मुलाने रंगीत खडूने काढलेले घर अर्धवट पुसलेले. आम्ही नाक मुरडणार, इतक्यात साफसफाईच्या बाईने सांगितले की २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझाच्या सीमेवरच्या गावांतून आलेली कुटुंबे या मजल्यावर कित्येक महिने राहिली. एन बोकेकच्या बऱ्याच हॉटेलांत तेव्हा पाहुण्यांऐवजी अशीच घर सुटलेली माणसे होती. "ते घर पुसायला माझा हात झाला नाही," ती म्हणाली. मग आम्हीही कार्पेटबद्दल काही बोललो नाही.

शुक्रवारी दुपारपासून हॉटेल फुगले. तीन लिफ्टांपैकी एक बंद, एक शब्बाथची, प्रत्येक मजल्यावर थांबत जाणारी. दुसऱ्या मजल्यावर आल्याचे तेव्हा खरे सुख कळले. रात्री जेवणाच्या हॉलमध्ये टेबलाटेबलावर कीदूश. कोणी मोरोक्कोच्या चालीत, कोणी येमेनच्या, कोणी रशियन उच्चारात. आम्ही आमच्या चालीत म्हटला. घरी आपण मनुकांचे शरबत करतो, इथे इवल्याशा बाटलीत द्राक्षरस होता. ह्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. शेजारच्या टेबलावरची मुले गप्प झाली आणि शेवटी सगळ्यांनी एकदम "आमेन" म्हटले. जेवण मात्र गार होते आणि मांसाच्या रांगेत धक्काबुक्की.

समुद्रावर खुर्च्या लावणारा एक मुलगा होता, दिमोनाचा. नाव-गाव विचारता आपलाच निघाला. त्याची आजी मराठी बोलायची. त्याला मराठीचे तीनच शब्द येत होते: "चहा", "बस" आणि "चल". तेवढ्यावर त्याने ह्यांना तीन दिवस हाताला धरून पाण्यात उतरवले. सकाळी म्हणायचा, "सबा, चल!" आणि खुर्चीपाशी आणून म्हणायचा, "बस!" आम्ही जाताना त्याला चौथा शब्द शिकवला, "येतो". आपल्यात "जातो" म्हणत नाहीत, हेही सांगितले. मुलांनो, तुम्हाला किती येतात ते मोजून ठेवा.

दिमोनावरून आठवले. ते गाव १९५५ साली वसवले, ते बरेचसे सदोमच्या कारखान्यातल्या कामगारांसाठीच. १९३० च्या दशकात मोशे नोव्होमेस्की नावाच्या इंजिनिअराने या पाण्यातून पोटॅश काढायला सुरुवात केली. पोटॅश म्हणजे शेतीचे खत. भारताला ते बाहेरून आणावे लागते, आणि त्यात इथलेही असते. म्हणजे आपल्या मंडळींनी इथे काढलेले खत आपल्याच जुन्या मुलखातल्या शेतांत पडले असेल. पूर्वी कोकणात आपण तेल गाळत होतो आणि "शनवार तेली" म्हणवत होतो. इथे येऊन मीठ गाळले, असे हे म्हणतात.

आणि आता ती गोष्ट, जी हॉटेलच्या रंगीत पुस्तिकेत लिहिलेली नसते. पहिल्या दिवशी पाण्याकडे पाहून हे म्हणाले, "हा समुद्र नव्हे. हे आमच्या कारखान्याचं मिठागर." आणि ते खरे आहे! मिठाच्या समुद्राचे दोन भाग होते, उत्तरेचा खोल आणि दक्षिणेचा उथळ. पाणी उतरत गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही भाग तुटले. दक्षिणेला आज जे पाणी दिसते ते उत्तरेकडून पंपांनी उपसून कालव्याने आणलेले असते. ते उन्हात आटवून खनिजे काढतात, अगदी पेण-उरणच्या मिठागरांसारखे. आपली हॉटेले उभी आहेत ती त्यातल्याच पाचव्या तळ्याच्या काठावर. तळ्याच्या तळाशी मीठ साठून तळ दरवर्षी सुमारे वीस सेंटिमीटर वर येतो. तसे पाणीही वर चढवावे लागते, आणि ते हॉटेलांच्या पायापर्यंत पोचण्याची भीती होती. म्हणून तळाचे मीठ खणून काढायचा करार २०१२ साली झाला.

गंमत पाहा. इथे पाणी वर चढते म्हणून काळजी, आणि थोडे उत्तरेला खरा समुद्र दरवर्षी मीटरभराहून जास्त खाली जातो आहे. आज तो समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. कारण सोपे आहे. यार्देन नदीचे पाणी त्यात पोचतच नाही. १९६४ साली किनेरेतचे पाणी नळांनी देशभर न्यायला सुरुवात झाली. जॉर्डन आणि सीरियानेही यार्मुक नदी अडवली. उरलेले काम दोन्ही काठांवरच्या कारखान्यांनी केले. आम्ही इथे आलो तेव्हा नळाला जे पाणी आले, मुलांना जे पाजले, त्यात या समुद्राचा वाटा होता. ह्यांचा पगारही त्यातूनच आला. तेव्हा दोष कोणाला द्यावा, हे आम्हाला सांगता येणार नाही.

समुद्र मागे हटला की जमिनीखाली मिठाचे थर उरतात. डोंगरातून झिरपणारे गोडे पाणी ते विरघळवते, पोकळी होते आणि एक दिवस जमीन खचते. अशी हजारो विवरे पडली आहेत. एन गेदीचा सार्वजनिक किनारा त्यामुळेच २०१५ साली बंद झाला. दावीद राजा शौलापासून लपला ते हे एन गेदी. १९८० च्या दशकात मुलांना घेऊन सहलीला जात होतो, तिथे आता कुंपण आणि धोक्याच्या पाट्या आहेत. यहेज्केल संदेष्ट्याने मात्र पाहिले होते की एक दिवस या पाण्यात मासे येतील आणि एन गेदीच्या काठावर कोळी जाळी वाळवतील. आम्ही कोकणातली माणसे, ते वाचले की आम्हाला जाळ्यांचा वासच येतो.

आता जाणाऱ्यांसाठी चार सूचना, एका जुन्या नर्सच्या.

हृदयविकार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकट्याने पाण्यात जाऊ नका, जीवरक्षक असेल तिथेच उतरा. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. तोंड पाण्यात घालू नका, उडी मारू नका, लहान मुलांना पाणी उडवू देऊ नका. पाठीवरच राहा. उभे राहायचे असेल तर गुडघे छातीकडे घ्या, हात पाण्यात खाली दाबा, पाय आपोआप खाली येतात. डोळ्यात पाणी गेले तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुवा. आदल्या दिवशी दाढी करू नका, नाहीतर समुद्रच तुम्हाला सांगेल कुठे कुठे कापले आहे. पाणी पोटात गेले तर माणूस कितीही "मी बरा आहे" म्हणो, १०१ फिरवा. सोरायसिसवाल्यांना इथले ऊन मानवते, कारण इथल्या जाड हवेतून भाजणारे किरण कमी येतात. पण कमी म्हणजे मुळीच नाहीत असे नव्हे. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

हॉटेलसाठी सूचना एकच. मुलांना सांगा, खोली ठरवतानाच न्हाणीघरात दांडी आणि खालचा मजला लेखी मागा, आणि तो कागद बरोबर ठेवा. मिनतवारी करू नका, भांडूही नका. कागद दाखवा आणि बसून राहा. म्हाताऱ्यांना बसून राहायला वेळ भरपूर असतो, हॉटेलवाल्यांना नसतो.

पुन्हा जाल का, असे विचाराल तर ह्यांचे उत्तर तयार आहे: "उद्याच." आमचे म्हणणे असे की पुढच्या वेळी आठवड्याच्या मधल्या दिवसांत जावे आणि नातवंडांना बरोबर न्यावे. आजोबांनी जिथे तीस वर्षे काम केले ते मिठागर त्यांनी पाहावे. मग उत्तरेला जाऊन, सुरक्षित ठिकाणी उभे राहून, खरा समुद्रही पाहावा. त्यांच्या मुलांना दाखवायला तो इतकाच उरलेला नसेल.